मागचा माणूस

"डॉक्टर आत आहेत का?" मी विचारलं.

"नाहीत," खुर्चीवर उभा असलेला माणूस म्हणाला.

माझ्या जिवात जीव आला. मी आले होते, डॉक्टर नव्हते, मी परत गेले. घरी सांगायला याहून सोयीचं काय असणार? मी पर्स खांद्यावर चढवली आणि दाराकडे वळले.

"जरा हा कोपरा धरता का?" मागून आवाज आला.

भिंतीवर अख्ख्या जगाचा नकाशा होता. त्याचा खालचा एक कोपरा सुटून लोंबत होता आणि तो माणूस वरचा सांभाळू की खालचा, अशा पेचात होता. चुरगळलेला निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, ओठांत दोन टाचण्या. मी कोपरा धरला. नाही कसं म्हणणार… एका माणसाच्या अंगावर जग कोसळत होतं.

"कुठे निघालात?" त्याने टाचण्यांमधूनच विचारलं.

"इथे." मी समुद्रातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

तो खुर्चीवरून वाकला. "हे बेट आहे? मला वाटलं डास मारलाय कुणीतरी."

"तुमच्या नकाशात डास असेल. तिथे माणसं राहतात."

"टाचणी मारली तर अख्खं झाकून जाईल हो. फिरायला जाताय?"

"नाही. मी नर्स आहे, ऑपरेशन थिएटरमध्ये. काही मुलांचे ओठ जन्मतःच दुभंगलेले असतात ना, त्यांची ऑपरेशनं करायला आमची टीम चाललीय. सगळं विनामूल्य. मी पहिल्यांदाच जातेय."

हे सांगताना माझे कान गरम व्हायचे. निवड झाल्यापासून मी ही गोष्ट दूधवाल्यालाही सांगितली होती आणि दर वेळी कान गरम झाले होते. त्या टीममध्ये जायचं म्हणून मी कितीतरी वर्षं अर्ज करत होते. शाळेत माझ्या बाकावर तसा ओठ असलेली एक मुलगी होती. ती हसताना तोंडावर हात धरायची. एवढंच कारण होतं, पण मला ते पुरेसं होतं.

"म्हणजे लस घ्यायला आलात."

"आले होते. पण डॉक्टर नाहीत ना. बरं झालं… म्हणजे, वाईट झालं."

"घाबरता की काय?"

अनोळखी माणसापुढे खरं बोलायला काही वाटत नाही. "दिवसभर लोकांना टोचत असते मी. स्वतःला टोचून घ्यायची वेळ आली की पाय लटपटतात. कुणाला सांगू नका."

"छे. मी कशाला सांगतोय." तो खाली उतरला, खुर्ची जागेवर ठेवली आणि कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला. साबण लावला. आधी बोटांच्या मधे, मग तळव्यांची मागची बाजू, मग मनगटं, मग पार कोपरापर्यंत. असे हात फक्त आमच्या धंद्यातली माणसं धुतात.

"डॉक्टर आत नव्हते," हात पुसत तो आतल्या खोलीत शिरला आणि दार उघडं धरून उभा राहिला. "आता आहेत. या."

"पुढचे," काउंटरवरच्या काकू मान वर न करता म्हणाल्या. खोलीत माझ्याशिवाय दुसरा पेशंटच नव्हता.

"तुम्ही खोटं बोललात," मी आत जाऊन बसता बसता म्हटलं.

"एक अक्षर खोटं असेल तर दाखवा. बाही वर."

"मी ओरडणार आहे."

"ओरडा. काकूंना सवय आहे."

"दार लावून ओरडा," बाहेरून काकूंचा आवाज आला.

मी डोळे गच्च मिटले. स्पिरिटचा गार बोळा दंडावरून फिरला. "सिस्टर, ऑपरेशन सुरू होताना सर्जनच्या हातात तुम्ही आधी काय देता?" तो विचारत होता.

"मार्किंगचं पेन. कुठे कापायचं त्याच्या खुणा करतात."

"मग?"

"मग भुलीचं इंजेक्शन, मग सुरी. पंधरा नंबरचं पातं, कारण ओठाची कातडी इतकी नाजूक असते की…"

"झालं."

मी डोळे उघडले. सुई केव्हाच डब्यात पडली होती आणि तो माझ्या दंडावर पट्टी चिकटवत होता, अगदी मन लावून. चार कडा नीट दाबून. इतक्या लहानशा भोकाला इतकी मोठी काळजी घेतलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

"दुसऱ्या डोसला या," तो म्हणाला. "त्या नाजूक कातडीचं वाक्य अर्धंच राहिलंय."

तर अशी आमची ओळख झाली. याला कुणी प्रेमात पडणं म्हणत असेल तर मी त्या दिवशी पडले नव्हते. फक्त घरी जाताना बसमध्ये बाही वर करून पट्टी दोनदा पाहिली, एवढंच.

तयारीला एकदम रंग चढला. टीमचा सगळा पसारा एका इमारतीच्या तळघरात होता. लोखंडी ट्रंका, हिरव्या कापडाचे गठ्ठे, हातमोज्यांचे खोके आणि या सगळ्याच्या मधोमध आमच्या मोठ्या बाई. त्या टीमच्या प्रमुख सर्जन. उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या, पण त्यांनी नुसतं "हं?" म्हटलं की सहा फुटी डॉक्टर ताठ व्हायचे. त्यांची ट्रंक भरायची पद्धत ठरलेली होती. जे सगळ्यात शेवटी लागणार ते तळाला, जे उतरल्या उतरल्या लागणार ते वर. म्हणजे ट्रंक भरायची तर ऑपरेशन मनातल्या मनात उलटं करायचं. शेवटच्या पट्टीपासून सुरुवात करायची आणि पेनापर्यंत यायचं. मला हे इतकं आवडायला लागलं की घरीही मी स्वयंपाक उलटा आठवून पाहायचे.

विमानात प्रत्येकाच्या वाट्याला टीमच्या ट्रंका. त्यामुळे स्वतःच्या सामानाला एकच खांद्यावरची पिशवी. इथेच घरी महाभारत सुरू झालं. आई सकाळी पिशवीत स्वेटर घालायची, मी दुपारी काढायचे. संध्याकाळी तो परत आत.

"आई, तिकडे बारा महिने घाम येतो."

"घाम आला की गारठा बाधतो. राहू दे."

बाबा पिशवी घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे, मग पिशवीशिवाय, आणि वजाबाकी करून जाहीर करायचे. दोघांपैकी पिशवीच तेवढी हलकी होत होती, असं आईचं म्हणणं.

आणि भाषा. त्या बेटावरच्या भाषेतली तीन वाक्यं प्रत्येकाला यायलाच हवीत, अशी मोठ्या बाईंची सक्ती. 'तोंड उघड.' 'घाबरू नकोस.' 'आई बाहेरच बसलीय.' मी ती आरशाला म्हणून दाखवली, कुकरला म्हणून दाखवली आणि एकदा बसमध्ये शेजारच्या गृहस्थांना 'तोंड उघड' म्हटलं. ते उठून दुसरीकडे जाऊन बसले.

पण सगळ्यात कडक नियम होता तो मागच्या माणसाचा.

पहिल्याच बैठकीत मोठ्या बाईंनी सांगितलं, "पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाने आपला मागचा माणूस आणायचा. तिकडे कुणी आजारी पडलं, काही झालं, तर मी घरी फोन करत नाही. मागच्या माणसाला करते. त्याने सगळं नीट ऐकून घ्यायचं, डोकं ठिकाणावर ठेवायचं आणि मग घरी जाऊन समोर बसून सांगायचं. नातेवाईक चालणार नाही. नातेवाईक आधी रडतात आणि मग ऐकतात."

"मैत्रीण चालेल?" मी विचारलं.

"चालेल. होणारा नवरा चालणार नाही. मागे एका मुलीने तो आणला होता. तिला साधा ताप आला, तर पठ्ठ्या दोन दिवसांत बेटावर हजर. आम्ही ऑपरेशनं करायची की त्याला जेवायला वाढायचं?"

सगळे हसले. मीही हसले, कारण मला कसली चिंता? माझी गोटी होती. गोटी म्हणजे थिएटरमधली माझी जोडीदारीण. बुटकी, गोल आणि कशानेही न हलणारी. सध्या तर सातव्या महिन्यात असल्यामुळे जास्तच गोल. ती तळघरात आली, बाईंच्या प्रश्नांना फटाफट उत्तरं दिली आणि पास झाली. मागच्या माणसाशिवाय तिकीट हातात मिळत नाही, हा नियम माझ्यापुरता संपला.

दुसऱ्या डोसला मी जरा बरा ड्रेस घातला होता. आईने विचारलं तर म्हटलं, बाह्या सैल आहेत.

"पुढचे," काकू म्हणाल्या.

मी आत बसले, बाही वर केली, डोळे मिटले. बोळा फिरला. आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य आलं. त्या बेटाच्या भाषेतलं. 'घाबरू नकोस.'

मी डोळे उघडले. "तुम्हाला कसं येतं?"

"तिकडचा एक खलाशी आला होता लस घ्यायला. त्याच्याकडून शिकलो. त्याला म्हटलं, माझ्या एका पेशंटला फार उपयोगी पडेल."

"तुमचं चुकतंय. शेवटच्या अक्षरावर जोर नाही देत."

"देतात. खलाशाने दिला होता."

"आमच्या शिकवणाऱ्या बाई देत नाहीत."

"तुमच्या बाई तिथे जन्मल्या का?"

"नाही, पण…"

"झालं."

पुन्हा तेच. सुई डब्यात, मी बोलत बसलेली आणि तो पट्टीच्या कडा दाबतोय. मला राग यायला हवा होता. पण त्याने एक वाक्य माझ्यासाठी पाठ केलं होतं, आणि माझं हसू काही केल्या आवरेना.

"तुम्ही कुठे कुठे गेलात?" बाहेर नकाशापाशी येताना मी विचारलं. सगळीकडे टाचण्याच टाचण्या. त्याने ज्यांना ज्यांना लस दिली ते लोक जिथे गेले, तिथे तिथे एक.

"मी? कुठेच नाही." तो मान खाजवत म्हणाला. "पासपोर्टसुद्धा नाही माझ्याकडे. लोकांना पाठवायचं, ते परत आले की गोष्टी ऐकायच्या. बरं चाललंय."

"घाट लागला की यांना बसमध्ये मळमळतं," काकूंनी माहिती पुरवली. "गोळी घेऊनसुद्धा."

"काकू."

"खोटं असेल तर सांगा."

पुढचे काही दिवस मला फार शंका येऊ लागल्या. मच्छरदाणीला औषध मारलेली घ्यावी की साधी? पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आधी टाकायच्या की नंतर? थिएटरमधल्या कुणालाही विचारता आलं असतं. पण मी त्या दवाखान्यातच जायचे. आणि तोही काही कमी नव्हता. मच्छरदाणीबद्दल सांगायला सहज पाऊण तास लावायचा. मागच्या गॅलरीत उभं राहून आम्ही चहा प्यायचो. खाली एका गॅरेजमध्ये हातोड्या चालायच्या, त्यामुळे जवळ येऊन बोलावं लागायचं. मला ते गॅरेज फार आवडायचं.

"बूट नवे घेतलेत?" एकदा त्याने विचारलं.

"हो."

"आतापासून घालून फिरा. नवे बूट तिकडे चावले तर तुम्ही लंगडत ऑपरेशनला उभ्या राहणार."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर कुठे गेला नाहीत."

"परत आलेले लोक सांगतात ना. सगळे आधी बुटांबद्दलच बोलतात. समुद्र वगैरे नंतर." मग कपात पाहत, "तुम्ही आल्यावर आधी कशाबद्दल बोलाल?"

"आल्यावर सांगेन."

"सांगा. मी… म्हणजे काकूही वाट पाहतील."

मला तो आवडला होता. सरळच सांगते, आडपडदा कशाला. सकाळी जाग आली की आधी बेट आठवायचं आणि त्याच्या मागोमाग तो. आणि दोन्हींचा आनंद एकमेकांत इतका मिसळला होता की कुठला कशाचा ते मला निवडता येत नव्हतं. पण मी निघाले होते. जाताना कुणी मनात असं घर करून बसतं का?

मग गोटीचं ब्लडप्रेशर वाढलं.

काळजीचं काही नव्हतं, पण डॉक्टरांनी तिला पूर्ण आराम सांगितला आणि तिच्या सासूबाईंनी तिचा फोन कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. मी भेटायला गेले तर गोटी पलंगावर पडूनच म्हणाली, "तुझा मागचा माणूस आडवा झाला गं. दुसरा शोध."

कुणाला शोधणार? थिएटरमधले सगळे एक तर टीममध्ये होते, नाही तर फोन लॉकरमध्ये ठेवून कामाला उभे राहणारे. इमारतीतल्या सगळ्या मावश्या-काकू आधी आईला सांगणार आणि मग मला. आणि खरं सांगायचं तर, एक नाव डोक्यात आल्यावर दुसरं आठवायचा मी फारसा प्रयत्नही केला नाही.

तिसऱ्या डोसला मीच आधी बोलले. बाही वर करून, डोळे उघडे ठेवून. "डॉक्टर, तुम्ही माझा मागचा माणूस व्हाल का?"

त्याच्या हातातला बोळा खाली पडला. "म्हणजे काय करायचं असतं?"

"फोन उचलायचा. घाबरायचं नाही. मला काही झालं तर आईबाबांना समोर बसून नीट सांगायचं. तुम्ही डॉक्टर आहात, तुमचं डोकं शांत असतं. आमच्या मोठ्या बाई एक तोंडी परीक्षा घेतात, बस."

"एवढंच?" त्याचा चेहरा असा उजळला, जणू मीच त्याला परदेशी नेत होते. "होईन की. कधी यायचं?"

"उद्या संध्याकाळी तळघरात. परवा सकाळी आम्ही निघतो."

"परवा," तो म्हणाला. एकदाच म्हणाला, आणि नवा बोळा घ्यायला वळला. त्या दिवशी सुई टोचल्याचं मला खरंच कळलं नाही, कारण मी त्याच्या पाठीकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळघरात सगळ्या ट्रंका पट्टे आवळून रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकाच्या हातात तिकिटाचं पाकीट होतं. माझं मोठ्या बाईंच्या मांडीवर होतं. त्या एका ट्रंकेवर बसल्या होत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते, तरी दरारा तोच.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने बसवलेले. मागून काकू, हातात मीठ-साखरेच्या पाकिटांचा खोका घेऊन. दवाखान्याकडून टीमला भेट. काकूंनी खोका ठेवला आणि एका स्टुलावर टेकून पायांना वारा घालू लागल्या.

"तुम्ही डॉक्टर आहात," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग अवघड जाऊ नये. सांगा. रात्री दोनला माझा फोन येतो. ही तापाने फणफणलीय, हाक मारली तर ओ देत नाही. तुम्ही काय कराल?"

किती सोपा प्रश्न होता. ताप किती, केव्हापासून, अंगावर पुरळ आहे का, पाणी पोटात राहतंय का. पाचवीतल्या मुलाला कविता यावी तसं हे त्याला येत असणार. मी निर्धास्त उभी होते.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मी… निघेन," तो म्हणाला.

"कुठे?"

"तिकडे."

ट्रंकेचा पट्टा आवळणारा आमचा भूलतज्ज्ञ पट्टा हातात धरून तसाच राहिला.

"पासपोर्ट आहे?" मोठ्या बाईंनी शांतपणे विचारलं.

"नाही."

"मग कसे निघाल?"

तो विचारात पडला. खरोखरच विचारात पडला, हिशेब जुळवत असल्यासारखा. "काढेन," तो म्हणाला. "लवकर काढून देतात म्हणे."

कुणीतरी फिसकन हसलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नापास," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मी सांगितलं होतं ना, असले चालत नाहीत म्हणून. आता? दुसरं कुणी आहे?"

माझ्या चेहऱ्यावर रक्त चढलं होतं. इतकी वर्षं अर्ज केले. बूट घालून घालून मऊ केले. ट्रंका भरल्या, एक-एक पातं मोजून भरलं. आणि या माणसाने एका झटक्यात सगळं… मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी 'मी निघेन' हे दोन शब्द पोटात कुठेतरी दिव्यासारखे पेटले होते, त्यांना विझवताही येईना. राग आणि आनंद एकाच वेळी आल्यावर माणसाने कसा चेहरा करायचा असतो?

"नाही," मी म्हटलं. "दुसरं कुणी नाही."

"मला विचारा की," स्टुलावरून आवाज आला.

सगळे वळले. काकू वारा घालायच्या थांबल्या होत्या.

"तुम्ही कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"यांच्या काउंटरला असते. हिची कुणी नाही. विचारा."

"रात्री दोनला फोन…"

"ताप किती, ते विचारीन. कधीपासून, लघवी होतेय का, डोळे उघडते का. कुणी तपासलं, काय औषध दिलं, पुढचा फोन कधी करणार. हे सगळं तुमच्याकडून दोनदा वदवून घेईन. मग झोपेन."

"झोपाल?"

"जागं राहून काय तिचा ताप उतरणारे? सकाळी हिच्या घरी जाईन. आईला आधी खाली बसवेन, मग सांगेन."

"त्या रडल्या तर?"

"रडू देईन. रडून झालं की परत सांगेन."

मोठ्या बाई काकूंकडे बघतच राहिल्या. दोन सेनापती समोरासमोर यावेत तसं काहीतरी चाललं होतं. "तुमच्याकडे पासपोर्ट आहे का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कशाला? मला कुठे जायचंय?"

"पास," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि माझं पाकीट माझ्या हातात ठेवलं.

मी ते छातीशी धरलं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि काकू "पुरे, पुरे" म्हणत स्टूल सरकवत होत्या. तो मात्र तिथे नव्हता.

जिन्याच्या वळणावर सापडला. कठड्याला टेकून उभा, पाण्याने बसवलेले केस पुन्हा उभे राहिलेले.

"मिळालं?" त्याने विचारलं.

मी पाकीट दाखवलं.

"मी सगळं घालवलं असतं."

"हो. घालवलंच होतं."

"उत्तर येत होतं मला, सिस्टर. शपथ. काल रात्रभर घोकत होतो. पण त्यांनी म्हटलं, ही ओ देत नाही… आणि मला ते दिसलंच. मग जे तोंडात आलं ते भलतंच आलं."

"भलतंच?"

तो कठड्याचा रंग नखाने खरवडू लागला. वरून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मी वाट पाहिली. नर्सला वाट पाहता येते.

"भलतं नाही," तो म्हणाला. "खरं तेच आलं. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून… नकाशा धरलात तेव्हापासून. हे आत्ता सांगायची वेळ नव्हे, मला कळतं. उद्या तुम्ही निघणार. तुमची इतक्या वर्षांची हौस. मी मधे येणार नव्हतो, फक्त मागे राहणार होतो. तेवढंही जमलं नाही."

मी त्याचं मनगट धरलं. सवयीने बोटं आपोआप नाडीवर गेली. ती अशी धावत होती की मोजायची सोय नव्हती. लोकांना जगभर पाठवणारा, शांत डोक्याचा हा माणूस आतून पार घाबरलेला होता. माझ्या जाण्याला. आणि मी काय उत्तर देईन त्यालाही.

मग मी ते वाक्य म्हटलं. त्या बेटाच्या भाषेतलं. 'घाबरू नकोस.'

त्याने माझ्याकडे पाहिलं. हळूहळू ते हसू डोळ्यांपासून सुरू झालं. "शेवटच्या अक्षरावर जोर द्यायचा असतो," तो म्हणाला.

"नसतो. पण तिकडे जाऊन विचारते."

"आणि मी बरोबर निघालो तर?"

"तर फोन करून सांगेन."

"फोन काकूंना जाणार ना?"

"तो तापाचा," मी म्हटलं. "हा तुम्हाला."

त्याने दुसरा हात माझ्या हातावर ठेवला. किती वेळ ठेवला ते माहीत नाही, कारण खालून मोठ्या बाईंनी "ट्रंका कोण चढवणार, हं?" म्हणून आवाज दिला आणि आम्ही दोघंही ताठ झालो.

"मलाही आवडता तुम्ही," जिना उतरता उतरता मी म्हणून टाकलं. "आणि पासपोर्ट काढून ठेवा. तापासाठी नाही. एरवीही उपयोगी पडतो."

सकाळी विमानतळाच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन नुकतंच काचेवर आलं होतं. बाबांनी निघताना पिशवीचं शेवटचं वजन करून आकडा जाहीर केला होता. पिशवीच्या तळाशी स्वेटर होता. मी तो पाहूनही काढला नव्हता. पायांत बूट, मऊ झालेले. मागे ट्रंका एकमेकींवर आपटत होत्या आणि कुणीतरी 'तोंड उघड' घोकत होतं. मला सारखं खिडकीतून बाहेर हात काढून ओरडावंसं वाटत होतं.

फोन वाजला.

"मागचा माणूस बोलतेय," काकूंचा कोरडा आवाज आला. "नंबर लागतो का ते पाहिलं. लागतो."

"हो काकू. निघालोय आम्ही. सगळं ठीक."

"बरं. इथलं सांगून ठेवते. सकाळपासून हे खुर्चीवर चढून बसलेत. तुझी टाचणी मारायचीय. मारली की बेट दिसेनासं होतं, म्हणून काढतात, परत मारतात. तीन पेशंट बसून आहेत."

"मग?" मी फोन कानाशी घट्ट धरला.

"मग काय. शेवटी बाजूला समुद्रात मारली. म्हणाले, बेट दिसत राहिलं पाहिजे. आणि दुपारी दवाखाना बंद. फोटो काढायला जायचंय म्हणे, पासपोर्टचा." त्यांनी तिकडे कुणाला तरी 'बसा' म्हटलं. "मी सांगितलंय, घाटाची गोळी विमानातही चालते. ठेवू?"

"ठेवा," मी म्हटलं.

फोन बंद होता होता पलीकडून "पुढचे" ऐकू आलं. मोठ्या बाई पुढच्या सीटवरून मागे वळल्या. "काय गं, कुणाचा फोन? काही गडबड?"

"नाही बाई. मागच्या माणसाचा."

"रडतोय का तिकडे कुणी?"

"नाही, तिकडे नाही," मी म्हटलं, आणि ओढणीने डोळे पुसले, हसता हसता. मग पुन्हा एकदा ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं. शेवटच्या अक्षरावर जोर देऊन.